लालबाग ते पूंगली, व्हाया आभाळ

मोबाइल घरीच ठेवा. घड्याळ चालेल, पण चावीचं. बूट नकोत, कारण आपण उतरणार आहोत त्या वर्षी तुम्ही नऊ वर्षांचे आहात आणि बूट तुम्हाला थेट सैन्यातच मिळायचे आहेत.

या. 1956, लालबाग. डोळ्यांच्या आधी नाक जागं होईल. मिरची गल्लीत डंके सुरू झालेत आणि ट्राममधून जाणारी माणसंसुद्धा शिंकताहेत. मिरचीच्या मागून गिरणीच्या तेलाचा वास येतो, मग चुलीच्या धुराचा, मग वरच्या मजल्यावर कुणीतरी वाळत घातलेल्या बोंबलांचा. भोंगा होतो. तो कानाला ऐकू येण्याआधी पोटात घुमतो. रातपाळीची माणसं फाटकातून बाहेर पडतात, भुवयांवर कापसाचे तंतू, डोळे तांबारलेले. पहिली पाळी त्याच फाटकातून आत शिरते. दोन्ही लोंढ्यांच्या मधोमध तुम्ही उभे आहात, वडिलांचा डबा घेऊन. धक्के खा. खांदा आडवा करून गर्दीतून सरकायला शिका. पुढे फार उपयोगी पडणार आहे.

खोली दहा बाय बारा. तिच्यात घरचे सहा आणि खेड तालुक्यातून आलेले गाववाले पाच. सगळे एकदम झोपत नाहीत, पाळ्यांप्रमाणे झोपतात. वडिलांच्या जागेवरची चटई गार व्हायच्या आत तिच्यावर दुसरा कुणी आडवा होतो. नळाला रांग, संडासाला रांग, रॉकेलला रांग. रांगेत पुढच्याच्या पाठीला छाती लावून उभं राहायचं आणि मधे कुणाला घुसू द्यायचं नाही, हे तुम्हाला पाढ्यांच्या आधी येतं. एकटं असणं म्हणजे काय, ते मात्र तुम्हाला ठाऊक नाही. चाळीत एकटं कुणी असूच शकत नाही. गॅलरीत जाऊन रडायला लागलात तरी तीन खोल्यांतून विचारणा होते.

गिरणीच्या फाटकावर जो म्हातारा वॉचमन बसतो, त्याच्याशी दोस्ती करा. खाकी शर्टावर त्याने बर्मा स्टारची फीत जपून लावली आहे. तो 4/5 मराठामध्ये होता. तंबाखू मळता मळता तो सांगशाकची गोष्ट सांगतो. मणिपूरचा डोंगर, 1944 चा मार्च, खाली जपानी. खडक इतका कठीण की धड खंदक खणता येईना. पाणी नाही. विमानं छत्र्यांनी पाणी आणि दारूगोळा टाकतात आणि वारा त्यातलं बरंचसं नेऊन जपान्यांच्या पदरात घालतो. तुमच्या घशाला ऐकता ऐकता कोरड पडते. मग तो खाजगी आवाजात सांगतो, की शेजारच्या खंदकात छत्रीवाल्या ब्रिगेडची पोरं होती. विमानातून उड्या मारायला शिकलेली, आणि लढायची वेळ आली तेव्हा छत्र्या मागे ठेवून पायी लढायला लावलेली. "उडी राहूनच गेली रे त्यांची," असं तो म्हणतो आणि तंबाखू दाढेखाली सरकवतो.

ही राहून गेलेली उडी तुमच्या डोक्यात बसते. नऊ वर्षांच्या पोराच्या डोक्यात काय बसेल याचा नेम नसतो.

आता थोडं पळवतो. व्यायामशाळेतला मल्लखांब, त्याला चोपडलेलं एरंडेल तेल, मांड्यांना पडलेले वळ. माटुंग्याच्या रुइया कॉलेजात एन.सी.सी.ची परेड, दादरच्या इराण्याकडे एका चहात दोघं. वडील साचेखात्यात. त्यांची इच्छा साधी आहे, की तुमचं नाव बदली कामगारांत लागावं आणि पुढेमागे कायम व्हावं. सैन्यात अधिकारी होण्याचं पत्र येतं, तेव्हा ते इंग्रजी मजकुराकडे बराच वेळ बघतात आणि विचारतात, "रातपाळी असते का त्यात?" असते, असं तुम्ही म्हणता. तेवढ्यावर त्यांचं समाधान होतं, निदान तसं ते दाखवतात.

मद्रासच्या ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूलमधल्या महिन्यांतलं एवढंच लक्षात ठेवा: घाम, सांबार, काटा-चमच्याने पुरी खायची शिक्षा आणि खांद्यावर लागलेला पहिला तारा. त्यानंतर एका कागदावर तुम्ही स्वखुशीने सही करता. पॅराशूट रेजिमेंटसाठी सगळेच स्वयंसेवक असतात, हुकूम देऊन कुणाला तिथे पाठवत नाहीत. बोरीबंदरला पंजाब मेल पकडा. आई डब्यात सुक्या जवळ्याची चटणी देते. उड्या मारायच्या आहेत हे तिला कळलंय. खिडकीशी उभी राहून ती म्हणते, "अरे पण इमान खाली येईस्तोवर थांबायला काय होतं?"

तिला उत्तर देता येत नाही. गाडी सुटते.

आग्रा. ताजमहाल विसरा, तो तुम्हाला कित्येक आठवडे दिसणार नाही. इथे प्रोबेशन आहे. खांद्यावरच्या ताऱ्याला या दिवसांत फारसा भाव नाही. जवानांबरोबर पळायचं, त्यांच्यापेक्षा थोडं जास्त पळायचं आणि शेवटी हसायचं. रात्री दोनला उठवतात. पाठीवरचं पिट्टू खांद्यात रुतून कातडं सोलतं, त्यावर घामाचं मीठ चरचरतं. रोज कुणी ना कुणी सामान बांधून आपल्या जुन्या पलटणीकडे परत जातो. त्याला कुणी हसत नाही, कारण उद्या आपली पाळी असेल हे प्रत्येकाला ठाऊक असतं.

मग हवाई दलाच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलचे हँगर. आत लाकडी विमान, लाकडी दार, दोरांचे पाळणे आणि दिवसभर एकच ओरड: पाय जोडा, गुडघे जोडा. पडायचं ते पावलांवर, मग पोटरी, मांडी, कंबर आणि पाठीची कड, असं लोळत. इथे मल्लखांब कामाला येतो. शिकवणारा सार्जंट पहिल्यांदाच तुमच्याकडे दोन क्षण बघतो आणि काही न बोलता पुढे जातो. आग्र्यात याला शाबासकी म्हणतात.

रात्री बराकीत जुन्या गोष्टी निघतात. डॉक्टर रंगराजची सगळ्यांना आवडते. हा लष्करातला डॉक्टर, छत्रीने उडी मारलेल्या पहिल्या भारतीयांपैकी एक. पुढे कोरियाच्या युद्धात भारताने 60 पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स पाठवली, तिचा तो प्रमुख. 1951 च्या मार्चमध्ये अमेरिकनांबरोबर त्याच्या तुकडीतल्या काहींनी मुन्सानला उडी घेतली, बंदुका चालवायला नाही, जखमी शिवायला. कुणीतरी अंधारातून विचारतं, खाली पडल्या पडल्या ऑपरेशन करायचं, हात कापत नसतील का? त्यावर कुणी बोलत नाही. सगळे आपापले हात बघत असावेत.

छत्र्या घडी करायच्या शेडमध्ये जा. लांबच लांब टेबलं, त्यावर कानपूरच्या ऑर्डनन्स कारखान्यातून आलेल्या छत्र्या पसरलेल्या. तुम्ही नकळत कापड अंगठा आणि तर्जनीत धरून चोळता, वडील दुकानात धोतराचा पोत बघतात तसं. नायलॉन. धागा बारीक, वीण घट्ट, एकही गाठ नाही. वडिलांच्या साच्यावर हे कापड कधी चढलं नसतं, पण त्यांनी ते पास केलं असतं. त्या रात्री तुम्हाला बरी झोप लागते.

पहाट. मालपुऱ्याच्या मैदानावर पहिली उडी. पॅकेट विमान: दोन शेपट्यांचं, पोट मोठं, आवाज असा की दात एकमेकांवर आपटतात. आत पेट्रोल, रबर, घाम आणि पुढच्या बाकावरच्या एकाच्या उलटीचा वास. पाठीवर मोठी छत्री, छातीवर राखीव. उठा. छत्रीचा पट्टा डोक्यावरच्या तारेला अडकवा. मागचा तुमची छत्री तपासतो आणि पाठीवर थाप मारतो. आता पुढच्याच्या पाठीला छाती लावून उभे राहा, मधे फट नको. ओळखीचं वाटतंय ना? नळावरची रांग. फक्त या रांगेच्या टोकाला नळ नाही, दार आहे, आणि दाराबाहेर काहीच नाही.

लाल दिवा. हिरवा दिवा. गो!

एक हजार, दो हजार, तीन हजार... आणि खांद्यांना हिसका. मान वर करा. छत्री उघडली आहे, गोल, भरलेली. विमानाचा आवाज दूर गेला आणि कानात काहीही उरलं नाही. इथे जरा थांबू. मिनिटभराचा मामला आहे, पण असं मिनिट तुम्हाला आजवर मिळालेलं नाही. तुमच्या आसपास माणूस नाही. कुणाचा श्वास नाही, कोपर नाही, खोकला नाही, स्टोव्हचा आवाज नाही. दहा बाय बारात अकरा जणांत वाढलेल्या माणसाला एवढी जागा दिली तर तो काय करेल? तुम्ही हसायला लागता. मोठ्याने. मग जमीन वर येऊ लागते, वाटलं होतं त्याहून फार वेगाने, आणि पाय जोडा, गुडघे जोडा! धप्प. तोंडात माती. जिवंत.

अशा पाच उड्या, त्यातली एक रात्रीची. मग छातीवर पंख आणि डोक्यावर मरून टोपी. तुम्हाला 2 पॅरा मिळते, मराठा पलटण. 1952 मध्ये पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली त्याआधी हीच 3 मराठा लाइट इन्फंट्री होती. कंपनीत पोलादपूर, शिराळा, चंदगड, वैभववाडी. हुकूम हिंदीत, शिव्या मराठीत. अधिकारी मुंबईचा आहे कळल्यावर पोरं आधी साशंक होतात. अधिकारी लालबागचा आहे कळल्यावर प्रत्येकाचा कुणी ना कुणी मामा परळच्या गिरणीत निघतो.

आता 1971 चा डिसेंबर, पाकिस्तानशी युद्ध सुरू आहे. आपल्या प्रवासाची एक सोय सांगायची राहिली: तुम्ही एका वेळी दोन ठिकाणी असू शकता.

तर लालबागला या. अंधार आहे. खिडक्यांच्या काचांवर काळा कागद, ज्यांना तो परवडला नाही त्यांनी वर्तमानपत्रं खळीने चिकटवली आहेत. टॅक्सीच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलाय. चिंचपोकळीच्या पुलाखालून लोकल जाते ती दिसत नाही, फक्त खडखडते. सायरन झाला की गल्लीतून होमगार्ड ओरडतो, "दुसरा मजला, दिवा बंद करा!" आणि सगळी चाळ दुसऱ्या मजल्याला शिव्या घालते. पोरांना मजा, म्हाताऱ्यांना दमा. तुमच्या घरी रेडिओला कान लावून दहा माणसं बसली आहेत. तुमचं शेवटचं पत्र 99 ए.पी.ओ.च्या पत्त्याने आलंय, त्यात हवापाणी ठीक असल्याचं लिहिलंय. आई ते पत्र रोज कुणाकडून तरी वाचून घेते. हवापाणी रोज ठीक असतं.

आणि आता इकडे या. तारीख 11. कलकत्त्याच्या बाजूच्या डमडम आणि कलाईकुंडा या दोन धावपट्ट्यांवर विमानांची रांग लागली आहे: अँतोनोव्ह, पॅकेट, डकोटा, कॅरिबू. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू ही पलटण घेऊन निघाले आहेत. काम थोडक्यात असं: टांगाइलजवळ लोहाजंग नदीवर पूंगली नावाचा पूल आहे. उत्तरेकडून जमालपूर, मैमनसिंग सोडून निघालेली पाकिस्तानी ब्रिगेड त्याच पुलावरून ढाक्याकडे पळणार. आधी आपण तिथे पोहोचायचं. खिशात शंकरपाळे कोंबा, दोन दिवस तेच जेवण आहे. कुणीतरी देवाचा अंगारा वाटतोय, पुढे करा कपाळ. मागच्या बाकावरचा पोलादपूरचा नाईक विचारतो, "साहेब, खाली पाणी हाय का?" त्याला पोहता येत नाही. तुम्ही खोटं बोलता.

दार उघडं आहे. खाली बंगाल: हिरवे-पिवळे तुकडे, त्यांत तळी, जिकडेतिकडे तळी, आरशाचे तुकडे उधळावेत तशी. सूर्य कलला आहे. साडेचार वाजून गेलेत. सांगशाकच्या म्हाताऱ्याची आठवण होते, पण तिला वेळ नाही. हिरवा दिवा.

ही उडी आग्र्यासारखी नाही. आभाळ भरलेलं आहे. वर, खाली, शेजारी छत्र्याच छत्र्या, माणसांच्या, पेट्यांच्या, जीपच्या. कुणीतरी "शिवाजी महाराज की जय" ओरडतं आणि ती ललकारी हवेतल्या हवेत एका छत्रीवरून दुसरीवर जाते. या वेळी एकटं राहायला फुरसत नाही. वाऱ्याने पलटण लांबवर पसरली आहे. तुम्ही कापलेल्या भाताच्या खुंटांत पडता, चिखल कोपरापर्यंत. पोलादपूरचा नाईक अर्थातच तळ्यात. जलपर्णीतून त्याचं फक्त डोकं आणि बंदूक धरलेला हात दिसतो. तो बुडायच्या आत चार लुंगीवाले पाण्यात उड्या घेतात आणि त्याला ओढून काढतात.

कारण शेत रिकामं नाही. गावच्या गाव धावत आलंय. बायका, पोरं, म्हातारे, "जय बांग्ला" ओरडत. टायगर सिद्दिकीची मुक्तिबाहिनीची पोरं आहेत. आपल्या पॅरा ब्रिगेडचे कॅप्टन पी. के. घोष तर बरेच दिवस आधीच वेष बदलून या भागात येऊन राहिले होते, उतरायची जागा त्यांनीच हेरली. गावकरी तळ्यात बुडालेल्या पेट्या खांद्यावर घेऊन येतात, तोफा चिखलातून ढकलतात, छत्र्यांचं कापड गोळा करतात. ते कापड सगळंच परत येईल याची आशा धरू नका. उद्यापासून इथल्या पोरींचे झगे नायलॉनचे असतील. एक म्हातारी तुमच्या ओंजळीत चुरमुरे ओतते आणि वर खजुराच्या गुळाचा खडा ठेवते. गूळ धुरकट, ओलसर, जिभेवर विरघळणारा. खा पटकन, पळायचंय.

अंधार पडल्यावर पूल ताब्यात येतो. मग रात्र सुरू होते, आणि ती फार लांब आहे. डिसेंबरची थंडी, ओला गणवेश अंगाला चिकटलेला. नदीकडून धुकं. तुम्ही रस्त्याच्या कडेला पालथे, हनुवटी मातीत. उत्तरेकडून इंजिनांची घरघर येते, मग दिवे. ट्रकचे दिवे चालू आहेत. त्यांना काहीच माहीत नाही. ते घरी चाललेत, निदान ढाक्याला. तुमच्या तोंडातून हुकूम निघायच्या आधीचे काही सेकंद मी तुमच्याऐवजी जगू शकत नाही, ते तुमचे तुम्हालाच काढावे लागतील. मग एल.एम.जी.चा कडकडाट, काचा, डिझेलचा भडका, माणसांच्या हाका. हाका समजतात, ही त्यातली वाईट गोष्ट. पहाटेपर्यंत ते पुन्हा पुन्हा येतात, आता सावधपणे, पायी, चहूकडून. काडतुसं मोजून वापरा. घशाला कोरड पडते, पण इथे पाण्याला तोटा नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तरेच्याच रस्त्यावर पुन्हा हालचाल दिसते. बोटं घोड्यावर. आणि धुळीतून कुणीतरी अस्सल मराठीत आईवरून शिवी घालतं. एवढी गोड शिवी तुम्ही आयुष्यात ऐकली नसेल. ती 1 मराठा आहे, जंगी पलटण, के. एस. ब्रार यांची. जमालपूरला रात्रभर लढून ती इथवर धडकली आहे. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले, बुटांचे तळवे उघडलेले. दोन्हीकडची पोरं एकमेकांना मिठ्या मारतात, लगेच गावं विचारतात, लगेच तंबाखू मागतात. एका चुलतभावाला दुसरा चुलतभाऊ भेटतो आणि पहिला प्रश्न असतो, "आबाची म्हैस व्याली का?"

ढाका मी भरभर नेतो, कारण ते सगळ्यांनी वाचलंय. 16 तारखेची सकाळ, मीरपूर पूल, जनरल नागरांनी पाकिस्तानी सेनापती नियाझींना पाठवलेली ती चार ओळींची चिठ्ठी. ती घेऊन गेलेल्या जीपमध्ये तुमच्याच पलटणीचे कॅप्टन निर्भय शर्मा होते. शहरात पहिली शिरणारी पलटण तुमचीच. तुम्हाला त्यातलं आठवेल ते असं: झेंडूची फुलं, छतावरून कोसळणारी माणसं, कुणीतरी घेतलेला गालाचा मुका, आणि पाच दिवस न काढलेल्या मोज्यांचा वास. पन्नूंना महावीरचक्र, पलटणीला पूंगली पुलाचा युद्धसन्मान.

आणि रजा. बोरीबंदरहून टॅक्सी. लालबागच्या खिडक्यांवरचे काळे कागद अर्धवट खरवडलेले आहेत. चाळीच्या तोंडाशी पोरं उभी, मरून टोपीला हात लावायला धडपडणारी. खोलीत पाय ठेवायला जागा नाही, नेहमीप्रमाणेच. भिंतीवर गणपतीच्या शेजारी वर्तमानपत्रातून कापलेला एक फोटो खळीने चिकटवलाय: आभाळभर छत्र्या, टांगाइलचं छत्री-आक्रमण. परदेशी बातम्यांत तर पाच हजार जवान उतरल्याचं आलं होतं. उतरली होती एक पलटण आणि तिच्या सोबतच्या तोफा, सारे मिळून हजारभरही नव्हते. आकड्याचा हा फुगा शत्रूची झोप उडवायला पुरला.

तुम्ही फोटो जवळून बघता. खाली तळं नाही, भात नाही. सपाट, कोरडं मैदान. हे आग्रा आहे. दिल्लीतल्या लष्करी जनसंपर्क अधिकाऱ्यांनी, राममोहन राव यांनी, सरावाचा जुना फोटो वर्तमानपत्रांना दिला होता.

वडील चष्मा लावून एका ठिपक्यावर बोट ठेवतात. शेजारचे अकरा जण मान पुढे काढतात.

"हा तू," वडील म्हणतात. "उभं राहायच्या ढबीवरून ओळखला."

त्या सरावात तुम्ही होता. तिसऱ्या विमानात, दाराकडून चौथे.

"हो," तुम्ही म्हणता, "मीच तो." आणि आईला विचारता, जवळा आहे का.